इंग्रजीच्या मास्तरांचे ऋण



चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'इंग्रजीच्या मास्तरांचे ऋण' असे कळवले. त्यावर त्यांना थोडे नवल वाटले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, फार तर कापसाच्या भावावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. शिवाय माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे वाचले ते जिनिंगच्या आवारात, संघटनेच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात. हायस्कुलातल्या इंग्रजीच्या तासाला मी कधी बसलो नाही. मग इंग्रजीच्या मास्तरांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोठून आला?

अधिकार एवढाच की, मी त्या मास्तरांच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी आहे. मुलगा बापाचे कर्ज फेडतो आणि नातू आजाचे विसरतो, अशी जगाची रीत आहे. या बाबतीत ती रीत मोडावी असे मला वाटते.

अलीकडे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे फार भरू लागले आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे सोबती एकत्र येतात, जुन्या वर्गात जाऊन जुन्या बाकांवर बसतात, हयात असतील त्या शिक्षकांना शाल-श्रीफळ देतात. हे चांगलेच आहे. अशा दोन-चार मेळाव्यांना श्रोता म्हणून बसण्याचा योग मला आला. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. गणिताच्या मास्तरांची आठवण निघाली की लोक हसतात, कवायतीच्या मास्तरांची निघाली की पाठीवरून हात फिरवतात. पण इंग्रजीच्या मास्तरांचे नाव निघाले की सभा जराशी गप्प होते. असे का व्हावे?

याचे एक कारण इतिहासात आहे. आपल्याकडे हायस्कुलाला लोक 'इंग्रजी शाळा' म्हणत. जुन्या मुंबई इलाख्यात मराठी चार इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली सुरू होई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. 1880 साली पुण्यात चिपळूणकर-टिळकांनी स्वदेशी बाण्याची शाळा काढली, तिचेही नाव न्यू इंग्लिश स्कूल! राष्ट्रीय शिक्षणाची उमेद बाळगणाऱ्यांनाही पाटीवर 'इंग्लिश' हा शब्द घालावा लागला, इतके त्या भाषेचे वजन होते. एकेकाळी इतिहास आणि भूगोलसुद्धा इंग्रजीतून लिहावा लागे. त्यामुळे इंग्रजीत अडला तो सगळीकडेच अडला. तारबाबू, स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, मामलेदार कचेरीतला कारकून, वकील, डॉक्टर, या साऱ्या वाटा एकाच दारातून जात आणि त्या दाराशी इंग्रजीचे मास्तर उभे असत. कोणी आत ढकलले, कोणी अडवले, कोणी हात धरून नेले. आयुष्याला वळण लागले ते त्या दाराशी. म्हणून माणसे गप्प होतात.

आता या मास्तरांची एकदोन खरी उदाहरणे पाहू.

1920 साली, बावीस वर्षांचा एक तरुण सिंधुदुर्गातल्या शिरोडे या समुद्राकाठच्या गावी ट्युटोरियल इंग्लिश स्कुलात शिक्षक म्हणून आला. फर्ग्युसन कॉलेजातले शिक्षण अर्धवट सुटलेले, नावापुढे पदवी नाही, प्रकृती तोळामासा. शिरोडे म्हणजे मिठागरांचा आणि माडांचा गाव. त्या गावातल्या गरीब मुलांना इंग्रजी शिकायचे तर घरदार सोडून परगावी राहावे लागे. राहण्या-जेवण्याचा खर्च ज्याला झेपत नसे त्याचे शिक्षण मराठी शाळेतच संपे. अशा गावात इंग्रजी शाळा चालवायची म्हणजे केवढा खटाटोप! हा तरुण तेथे मुख्याध्यापक झाला आणि 1938 पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, राहिला. त्याचे नाव विष्णु सखाराम खांडेकर. 'ययाति'साठी 1974 चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले ते खांडेकर जगाला ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या लेखणीला विषय मिळाले ते शिरोड्यात. दारिद्र्य त्यांनी पाहिले ते वर्गातल्या मुलांच्या तोंडावर. 1930 साली त्याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा हे मास्तर त्याच गावात मुलांना शिकवीत होते.

खांडेकरांचे हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. पदवी नसलेला माणूस शिकवू शकतो की नाही, असा प्रश्न आमच्यासारख्या अर्धशिक्षितांना नेहमी विचारला जातो. शिरोड्याच्या मुलांनी त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. मास्तरांच्या अंगात विद्या असावी लागते आणि ती देण्याची तळमळ असावी लागते. प्रमाणपत्राचा कागद नोकरीसाठी लागतो.

दुसरे उदाहरण मुंबईचे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. तुकाराम, गौतम बुद्ध आणि शिवाजी महाराज यांची चरित्रे त्यांनी लिहिली. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. त्याच बागेत एक मुलगा रोज एकटाच पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. तो त्यांच्या शाळेतला नव्हता. एल्फिन्स्टन हायस्कुलातला होता. केळुसकरांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, त्याच्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले आणि पुढे कॉलेजच्या खर्चापायी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांकडे नेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1956 साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी लिहून ठेवलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी दादा केळुसकरांची आणि त्या पुस्तकाच्या भेटीची आठवण नोंदवली आहे. मध्ये पन्नास वर्षांच्या आसपास काळ गेला होता. राज्यघटना लिहिणारा माणूस बागेत भेटलेल्या मास्तरांना विसरला नव्हता.

त्याच बाबासाहेबांचे इंग्रजी पक्के करणारे पहिले मास्तर कोण? त्यांचे वडील, रामजी सुभेदार. तेही लष्करी शाळेत शिक्षक होते. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून घोकून घेतली. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण पडले. तर्खडकरांच्या त्या पुस्तकांनी महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांना इंग्रजी शिकवले, त्याची मोजदाद कोण करणार? मी स्वतः त्याच पाठमालेतून शिकलो. माझ्या प्रतीला पुठ्ठा नव्हता आणि पहिली अकरा पाने नव्हती.

श्रोतेहो, या दोन उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. खांडेकर गेले ते जेथे शाळा पोचत नव्हती तेथे, आणि केळुसकरांनी हात दिला तो आपल्या वर्गाबाहेरच्या मुलाला. हजेरीपुस्तकात ज्याचे नाव नाही तोही आपला विद्यार्थी, असे या माणसांनी मानले. माझे सारे म्हणणे याच एका गोष्टीभोवती आहे.

आमच्या कामगार चळवळीवरही शिक्षकांचे ऋण आहे. ना. म. जोशी यांचे नाव आज कामगारांच्या मुलांनाही सांगावे लागते, हे आपले दुर्दैव. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस पदवीधर झाल्यावर सुमारे आठ वर्षे अहमदनगर, पुणे, मुंबई, रत्नागिरी येथील शाळांत शिक्षक होता. 1909 साली ते भारत सेवक समाजात गेले, 1911 साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. लीगने गिरणगावात पहिली कामे कोणती केली? रात्रीच्या शाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये! संप नंतर आले, आधी पुस्तक आले. पुढे 1920 साली आयटक स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते होते आणि अनेक वर्षे तिचे सरचिटणीस राहिले. शिक्षकी पेशा त्यांनी सोडला असे चरित्रकार लिहितात. मला विचाराल तर त्यांनी फक्त वर्ग बदलला. आपल्या जिल्ह्याचे लोकनायक बापूजी अणे, वणीचे. यवतमाळात वकिली सुरू करण्याआधी 1904 ते 1907 अमरावतीच्या काशीबाई हायस्कुलात तेही शिक्षक होते.

आता मी ज्यांचा नातू-विद्यार्थी आहे त्या मास्तरांकडे येतो. त्यांचे नाव मी घेणार नाही. ते प्रसिद्ध पुरुष नव्हते आणि त्यांच्या घरच्यांना माझ्यासारख्याने सभेत त्यांचे नाव गाजवलेले रुचेल की नाही, कोण जाणे. याच जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात, 1950 नंतरच्या काळात, त्यांनी इंग्रजी शिकवले एवढे पुरे. मी त्यांना पाहिलेले नाही. आमच्या संघटनेच्या कचेरीत एक निवृत्त पोस्टमन संध्याकाळी येऊन बसत. ते त्या मास्तरांचे विद्यार्थी. त्यांच्या तोंडून मी मास्तर ऐकले.

मास्तर मुलांना कधीकधी वर्गाबाहेर काढीत आणि रेल्वे स्टेशनात नेत. शकुंतला गाडी तेव्हा यवतमाळहून मूर्तिजापूरला जात असे. स्टेशनात इंग्रजी पाट्या होत्या. एका पाटीसमोर मास्तर मुलांना उभे करीत. तिच्यावर लिहिलेले होते, 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड.' मुले अर्थ सांगत, आगाऊपणे आत शिरणाऱ्यांवर खटला भरला जाईल. मास्तर विचारीत, "भरला जाईल, ठीक. पण भरणार कोण?" मुले पाटीकडे बघत राहत. पाटीवर भरणाऱ्याचे नाव नसे. मग मास्तर सांगत, "याला कर्मणी प्रयोग म्हणतात. यात क्रियापद दिसते आणि कर्ता लपतो. इंग्रजीचा कागद हातात आला की आधी क्रियापद शोधा, मग कर्ता शोधा. कर्ता सापडला नाही तर तो का लपला आहे, ते शोधा."

पोस्टमनदादांनी हा धडा मला शिकवला तेव्हा मी पंचविशीत होतो. माझ्या टेबलावर एका कामगाराला आलेली नोटीस होती. 'युवर सर्व्हिसेस आर नो लाँगर रिक्वायर्ड.' तुमच्या सेवेची आता आवश्यकता नाही. दादांनी बोट ठेवून विचारले, "आवश्यकता कोणाला नाही?" मी पुन्हा वाचले. कोणाला नाही ते कागदावर नव्हते. मालकाला नाही, मॅनेजरला नाही, की हंगाम संपल्यामुळे कारखान्यालाच नाही? सही कोणाची आणि त्या सहीला असा अधिकार आहे काय? त्या एका प्रश्नातून पुढचे पाच प्रश्न निघाले. गेली तीस वर्षे प्रत्येक नोटीस मी अशीच वाचतो.

मास्तरांचा दुसरा धडा 'मे' आणि 'शॅल' या दोन शब्दांचा. मराठीत आपण दोन्हींचे भाषांतर घाईघाईने 'करील' असे करून टाकतो. कायद्याच्या इंग्रजीत साधारणपणे 'शॅल' म्हणजे करावेच लागेल आणि 'मे' म्हणजे केले तर केले. हा तीन-चार अक्षरांचा फरक, पण त्याच्यावर माणसाची भाकरी अवलंबून असते. तिसरा धडा 'प्रोव्हायडेड दॅट'चा. ज्या वाक्यात हे दोन शब्द दिसतील तेथे मास्तर मुलांना पेन्सिलीने रेघ ओढायला लावीत. वरच्या ओळीत जे एका हाताने दिले ते येथे दुसऱ्या हाताने परत घेतले जाण्याचा संभव आहे, असे ते सांगत. शेतमजुरांची आणि बलुतेदारांची मुले होती ती. सावकाराचा कागद त्यांच्या घरोघरी होता. त्यांना हे व्याकरण समजायला वेळ लागला नसेल.

याचा उपयोग काय झाला, तेही सांगतो. एका जिनिंगमध्ये बावीस हंगाम काम केलेला एक म्हातारा कामगार कागद घेऊन कचेरीत आला. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. म्हातारा म्हणाला, "दादा, याच्यात काय लिवलं हाय, थे मले सांग. आंगठा मागून रायले." कागद एक पानाचा. खाली थोडी रक्कम आणि वर लिहिलेले, 'इन फुल अँड फायनल सेटलमेंट ऑफ ऑल क्लेम्स.' पोस्टमनदादांनी चष्मा लावला, बोट 'ऑल' या शब्दावर ठेवले आणि म्हाताऱ्याला विचारले, "ग्रॅच्युइटी मिळाली का?" त्याने तो शब्दच ऐकलेला नव्हता. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हंगामी कारखान्यातल्या कामगाराला दर हंगामामागे सात दिवसांची मजुरी ठरवून दिली होती. बावीस हंगामांचे एकशे चोपन्न दिवस झाले. त्या कागदावर अंगठा उमटला असता तर ते पैसे मागताना आधी तो अंगठाच आमच्या आडवा आला असता. अंगठा दिला नाही. अर्ज झाला, तारखा पडल्या, आणि आठ महिन्यांनी म्हाताऱ्याला पैसे मिळाले. तो पेढे घेऊन आला तेव्हा दादांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, "हा माझ्या मास्तरांचा आहे. ते गेले. तू घरी जाऊन नातीला दे आणि तिला शाळेत घाल."

हे त्या मास्तरांचे स्मारक. त्याला दगड लागला नाही आणि वर्गणीही जमवावी लागली नाही.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला. सन 2000 पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तालुक्याच्या गावीसुद्धा इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. मजूर आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांची फी भरतात. भ्रमणध्वनीत भाषांतर करणारे यंत्रही आले. मग आता अडते कोठे? माझा रोजचा अनुभव सांगतो. मुलगा इंग्रजी कविता घडाघडा म्हणतो, पण बापाचा विम्याचा कागद त्याला उलगडत नाही. यंत्र शब्दाला शब्द देते. कर्ता का लपला आहे ते सांगत नाही. कर्जाचा करार, रुग्णालयातला संमतीचा कागद, कंत्राटी नोकरीचे पत्र, पीकविम्याच्या अटी, भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म, हे सारे अजून त्याच भाषेत येते आणि सही मात्र ताबडतोब हवी असते.

कायद्याने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात असे कलम होते की, कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दरवाजाजवळ फळ्यावर लावले पाहिजेत. 1948 च्या कारखाना कायद्यातही नोटिशींविषयी तसेच होते. चांगली कलमे होती. परंतु फळ्यावर मराठी कागद लागला म्हणजे तो समजला असे नव्हे. मराठी नोटिसा मी पाहिल्या आहेत. काही इंग्रजीपेक्षा अवघड! शिवाय वाद उभा राहिला की वकील बोट ठेवतात ते इंग्रजी मजकुरावर. आता 2025 च्या नोव्हेंबरपासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार नव्या संहिता आल्या आहेत. त्या बऱ्या की वाईट, हा आजचा विषय नाही. पण एवढे खरे की, तीस वर्षे घोकलेली कलमे विसरून आम्हाला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. पुन्हा 'शॅल' कोठे आहे आणि 'मे' कोठे, ते शोधणे आले.

म्हणून मेळावे भरवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना माझे हात जोडून दोन गोष्टींचे सांगणे आहे.

पहिली अशी. तुमच्या मेळाव्याला जे येतात ते पुढे गेलेले. आठवीत चाळीस होते आणि दहावीला सव्वीस उरले, तर मधले चौदा कोठे गेले? त्यांतले काही इंग्रजीला भ्याले म्हणून गेले, काही सोंगणीला आणि कापूस वेचायला गेले ते परत आले नाहीत. तेही त्याच मास्तरांचे विद्यार्थी होते. मास्तरांनी एखाद्याच्या घरी दोनदा खेपा घातल्या असतील, त्या खेपांची आठवण त्याच्याजवळच आहे. त्याला बोलवा. तो हमाली करीत असेल, बाजारात भाजी विकत असेल. तरी बोलवा आणि दोन शब्द बोलू द्या. पहिला आलेला सांगेल ते मास्तर अर्धे. मागच्या बाकावरचा बोलला म्हणजे पुरे होतील.

दुसरी गोष्ट अशी. मास्तरांनी तुम्हाला जे दिले ते तुमच्याजवळ पडून आहे. बँकेतून निवृत्त झालात, तहसिलीतून झालात, शाळेतून झालात. इंग्रजी निवृत्त झालेले नाही. आठवड्यातून एक तास द्या. वाचनालयात बसा, देवळाच्या ओट्यावर बसा, नाहीतर आमच्या कचेरीत या. तेथे खुर्ची रिकामी आहे, पोस्टमनदादा गेल्यापासून. लोक कागद घेऊन येतील. ते तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मराठीत सांगा आणि कर्ता शोधून द्या. सल्ला देण्याची घाई करू नका. कागदात काय आहे, एवढे सांगितले तरी माणूस आपला निर्णय आपण करतो. आणि शेजारी आठवी-नववीतली दोन मुले बसवून घ्या, म्हणजे तुमच्यानंतरही खुर्ची रिकामी राहणार नाही.

शाल-श्रीफळ द्यावेच. हयात शिक्षकांना त्याने आनंद होतो आणि तो त्यांच्या हक्काचा आहे. पण जे गेले त्यांना शाल पोचत नाही. त्यांचे देणे फेडायचे तर ते त्यांनाच परत करता येत नाही; ज्याला अजून मिळाले नाही त्याला द्यावे लागते. केळुसकरांनी बागेतल्या परक्या मुलाला दिले, आमच्या पोस्टमनदादांनी मला दिले. तुमच्याकडे कागद घेऊन कोण येणार आहे, ते आज सांगता येणार नाही. तो आला म्हणजे त्याला बसायला सांगा, पाणी द्या आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागा.